आप्पांची बिनविरोध निवड

नांदेडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हा सगळ्यात जास्त थकवा यायचा तो समानार्थी शब्दांच्या तासाला. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, पंखा गरम वारा फेकतोय आणि मी फळ्यावर एकाखाली एक लिहितेय: चूज, सिलेक्ट, पिक, प्रिफर, ऑप्ट, इलेक्ट. मुलं वहीत पहिल्या शब्दापुढं ‘निवडणे’ लिहायची आणि खाली सगळीकडं ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा करून मोकळी व्हायची. एका वर्षी खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “बाई, समद्यांचा अर्थ एकच हाय, मग एकच शब्द पाठ करू की.”

तिचं फार चुकत नव्हतं. आपण तांदूळ निवडतो, सून निवडतो आणि गावचा पुढारीही निवडतो. इंग्रजीत या तिन्ही कामांना वेगळे शब्द लागतात, आणि एकाच्या जागी दुसरा बसवला की वाक्य बिघडतं. मी तिला तेवढं सांगितलं आणि पुढचा धडा काढला. पण हा फरक मी पुस्तकातून शिकले नव्हते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, दुष्काळात सरपंच झाले आणि मला एकेका शब्दाचा अर्थ विचारायला लागले. तिथून मी तो शिकले.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं. लातूर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तालुका निलंगा आणि जिल्हा उस्मानाबाद. कलेक्टर हापिसात काम निघालं की माणूस मुक्कामाची तयारी करूनच घर सोडायचा. आमची जात लिंगायत, गावात किराणा दुकान आणि ओढ्याकाठी थोडं रान. आप्पा सकाळी विभूती लावून दुकान उघडायचे, दुपारी तिथंच भिंतीला टेकून डोळा लावायचे, संध्याकाळी बंद करायचे. त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं. या एकाच गुणावर ते ग्रामपंचायतीचे मेंबर झाले होते. आमच्याकडं मतदान म्हणून होतच नसे. पाटील चावडीवर बसून नावं सांगायचे, तेवढेच अर्ज जायचे आणि सगळी पंचायत बिनविरोध यायची. गावाला त्याचा अभिमान होता.

पावसानं पाठ फिरवली त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरपंचांनी तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला आणि ते मुलाकडं पुण्याला निघून गेले. त्यांची तब्येत ठणठणीत होती. पण गावात ओढा आटला होता, विहिरींचे तळ दिसत होते, सरकारी काम मागायला माणसं रोज दारात येऊन बसत होती. त्या खुर्चीत बसायला कोण तयार होणार? चावडीवर बैठक झाली. एका मेंबरचे गुडघे दुखत होते, एकाच्या घरी लेकीचं लग्न निघालं होतं, एकाला लिहिता येत नव्हतं आणि ते त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं. मग पाटील आप्पांकडं वळले.

“आप्पा, तुमीच व्हा.”

“मला दुकान हाय, पाटील.”

“दुकानात इकायला ऱ्हायलंय काय आता?”

ते खरंच होतं. फळ्यांवर मीठ, काडेपेट्या आणि बिड्यांचे पुडे सोडले तर काही नव्हतं. बाकीचे मेंबर लगेच म्हणाले, आप्पा म्हणजे चांगलंच, कुणाची हरकत न्हाई. सभा उठली.

आप्पा घरी आले आणि ओसरीच्या कडेला उभे राहून तांब्यातल्या निम्म्याच पाण्यानं त्यांनी पाय धुतले. माय मिलो निवडत बसली होती. रेशनवर मिळणारी ती लाल परदेशी ज्वारी खड्यांनी भरलेली असायची.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“सरपंच झालो.”

“कुनी केलं?”

“समद्यांनी.”

“कामून?”

“कुनालाच व्हायचं नव्हतं मनून.”

 मायनं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला.

मी तेव्हा आठवीत होते. गावात इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मलाही येत नव्हतं, पण नांदेडच्या मामानं दिलेला एक लहान शब्दकोश माझ्याकडं होता. आप्पा निलंग्याहून पहिल्यांदा परत आले ते एक शब्द तोंडात घेऊनच. तहसीलमधल्या कारकुनानं त्यांच्याकडं बघून दुसऱ्याला सांगितलं होतं, हे अनअपोज्ड आहेत. तो शब्द विसरू नये म्हणून आप्पा वाटभर पुटपुटत आले होते.

मी शोधून सांगितलं, “अपोज म्हणजे विरोध करणे. अनअपोज्ड म्हणजे बिनविरोध.”

“म्हंजे मला कुनी नको म्हनलं न्हाई.”

“हो.”

“आन् पायजे म्हनलं का कुनी?”

मी पुन्हा शब्दकोशात पाहिलं. “ते त्यात येत नाही, आप्पा.”

त्यांनी मान हलवली, जणू दुकानात मागितलेली वस्तू संपली आहे असं कुणी सांगावं. पुढची दहाएक वर्षं ते त्या एका शब्दावर सरपंच राहिले.

दुष्काळी कामं सुरू झाली. रस्त्यासाठी खडी फोडायची, नाल्याला बांध घालायचा. कामावर किती माणसं घ्यायची ते वरून ठरून यायचं आणि मागणारी माणसं त्याहून जास्त असायची. आधी कुणाला घ्यायचं हे आप्पांना विचारलं जाई. पहाटेपासून आमच्या अंगणात माणसं बसलेली असत. कुणी ओरडत नसे. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे अगदी हळू बोलायचे आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच असायचं, “तुमी म्हनाल तसं, आप्पा.”

संध्याकाळी ते मला विचारायचे, “सिलेक्ट म्हंजे काय गं? त्यो साहेब सारखा सिलेक्ट करा, सिलेक्ट करा म्हनत होता.”

“त्यातले चांगले निवडून घेणे.”

“चांगलं-वाईट काय हाय त्येच्यात? समद्यांलाच भूक हाय.”

 आप्पांनी आपल्या परीनं एक पद्धत लावली होती. ज्या घरात कमावतं माणूस नाही ते आधी, मग ज्यांची लेकरं लहान ते. तरी रोज कुणीतरी मागं राहायचंच आणि ते माणूस उठून जायचं. आप्पा त्याच्या पाठीकडं बघत राहायचे. रात्रीच्या जेवणाला त्यांची भाकरी अर्धी शिल्लक राहायला लागली.

या सगळ्यात मायचं काय चाललं होतं ते मला तेव्हा नीटसं दिसलं नाही. सरपंचाच्या दारात आलेला माणूस आधी पाणी मागतो. ते पाणी माय ओढ्यातून आणायची. कोरड्या पात्रात माणसांनी झिरे खोदले होते, त्यात वाटीनं पाणी गोळा करून घागर भरायची, गाळायची आणि चढ चढून घरी यायचं. ती घागर अंगणातच संपायची. एकदा ती आप्पांना म्हणाली, “तुमी सरपंच झालात, पानी मला भरावं लागून ऱ्हायलंय.” आप्पा म्हणाले, काय इलाज हाय? ती म्हणाली, “इलाज न्हाई, मनूनच सांगते.”

मग बातमी आली की गावाला एक बोअर मंजूर झाला आहे. मोठी मशीन येणार, खडकात भोक पाडणार, पाणी लागलं तर वर हापसा बसवणार. जागा सरपंचानं दाखवायची.

आता गावात कुणी हळू बोलेना. मारुतीसमोरच्या चौकात पाहिजे, असं बहुतेकांचं मत होतं. पाटलांना तो त्यांच्या गोठ्यामागं हवा होता. आणि गावाबाहेर, उताराला, एक वस्ती होती. त्या वस्तीला गावात ज्या नावानं हाक मारायचे ते नाव मी आता लिहीत नाही. त्या लोकांना गावातल्या विहिरीवर हात लावू देत नसत. त्यांची स्वतःची विहीर सगळ्यात आधी आटली होती. त्यांच्यातली दोन माणसं दुकानाच्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, “आप्पा, आमचाबी इचार व्हावा.” 

आप्पांना एकट्यानं ठरवायचं नव्हतं. ते मला म्हणाले, “मत द्यायला विंग्रजीत काय म्हनतात?”

“व्होट.”

“मग तेच करू.”

आमच्या गावातलं मी पाहिलेलं ते पहिलं मतदान. चौकात माणसं जमली. बायका अंगणातून, भिंतीआडून ऐकत होत्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वस्तीतली माणसं चिंचेखाली लांब उभी होती. आप्पांनी विचारलं, चौकात पाहिजे त्यांनी हात वर करा. हातांचं रान उभं राहिलं. गोठ्यामागं म्हटल्यावर पाटलांची गडीमाणसं तेवढी उठली. मग आप्पांनी वस्तीचं नाव घेतलं. चिंचेखालचे हात वर झाले, आणि कुणीतरी म्हणालं, “त्यांचे कशाला मोजायलेत?” मोजले असते तरी फरक पडला नसता. आप्पांनी चौक जाहीर केला. ते खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. यावेळी त्यांनी काही ठरवलं नव्हतं.

मशीन आली. तिच्या आवाजानं दुकानातल्या बरण्या थरथरत होत्या. दिवसभर पांढरी-करडी धूळ उडाली, घरांवर, झाडांवर, माणसांच्या भुवयांवर बसली. पाणी लागलं नाही. चौकातला बोअर कोरडा गेला.

मशीनबरोबर आलेला साहेब भला होता. तो म्हणाला, पुढच्या गावाला जायला थोडा वेळ आहे, अजून एक भोक मारून बघू, सरपंच, पटकन जागा दाखवा. पाटील म्हणाले, गोठ्यामागं चला. तो अवजड ट्रक गोठ्याकडच्या गल्लीत शिरला आणि अडकला. पुढं जाईना, वळेना. ड्रायव्हर शिव्या देत मागं घेत होता, साहेब घड्याळ बघत होता. शेवटी आप्पांनी हात केला, “तिकडं घ्या, उताराला. वस्तीच्या कडंला मोकळं हाय.”

तिथं पाणी लागलं. आधी चिखल, मग गढूळ, मग उंच उडालेलं पांढरंशुभ्र पाणी. वस्तीतल्या बायका तशाच भिजत उभ्या राहिल्या. गावातली पोरं पळत गेली आणि त्यांच्या आयांनी त्यांना हाका मारून परत बोलावलं.

पाटील लगेच दुकानावर आले. “आप्पा, तुमी हे ठरवून केलं.”

“मी काय ठरवलं न्हाई, पाटील. मशीन जितं वळली तितं भोक पाडलं.”

“गावानं मत दिल्यालं होतं.”

“गावानं दिलं तितं पानी न्हाई लागलं.”

पाटलांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. वस्तीनंही ठेवला नाही. ती माणसं आप्पांसमोर हात जोडायला लागली, आप्पांनी आमच्यासाठी गावाचं मत मोडलं म्हणायला लागली. आप्पा दोन्हीकडं तेच सांगत राहिले, ट्रक वळत नव्हता. मला वाटतं, या एका गोष्टीनं त्यांना जेवढं दमवलं तेवढं दुष्काळानं नाही दमवलं. केल्याचा राग आणि केल्याचा मान दोन्ही पदरात, आणि आपण काही केलंच नाही हे आपल्याला ठाऊक.

हापसा बसला, पण गावातलं कुणी तिथं जाईना. लोक झिऱ्यावरच वाटी-वाटी पाणी भरत राहिले. आप्पांना भीती वाटायला लागली की गाव तहानलेलं राहील आणि हापसा बंद पाडला जाईल. एका सकाळी त्यांनी मायला सांगितलं, “तू जा घागर घिऊन.”

“मी?”

“सरपंचाच्या घरचं मानूस गेलं की बाकीच्या येतील.”

माय गेली. मीही मागं कळशी घेऊन गेले. आमच्या गल्लीतल्या बायका उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. एक जण थुंकली. हापशावर वस्तीतल्या बायकांची रांग होती. त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी मायला पुढं जागा दिली. माय पुढं गेली नाही. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, कारण, तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं, तिचे पाय इतके दुखत होते की चार माणसांसमोरून चालत पुढं जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिच्या पुढं एक काळीसावळी, उंच बाई उभी होती. तिनं मायकडं वळून विचारलं, “लेक हाय का तुमची?” माय म्हणाली, हाव. त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

हळूहळू बाकीच्या आल्या. तहान मोठी होती. पण पहिली कोण गेली हे गल्लीनं मायला विसरू दिलं नाही. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, संक्रांतीला आमच्या दारावरून बायका पुढं निघून गेल्या. आप्पांशी सगळे बोलत, कारण कामं त्यांच्याकडं होती. मायशी कुणी बोलेना. तिला बोलायला ती उंच बाई होती. ती पहाटे मायची घागर आपल्या घागरीमागं रांगेत लावून ठेवायची. पाणी भरता भरता दोघी काय बोलत असतील ते माहीत नाही. माय घरी आली की मात्र जरा कमी दमलेली दिसायची.

पाऊस आला, पिकं आली, मिलो विसरली गेली. पंचायतीची मुदत संपली की पाटील रागातच असत, पण दुसरं नाव काढून भांडण कशाला म्हणून पुन्हा आप्पांचंच नाव घेत. पुन्हा बिनविरोध. मी मॅट्रिक झाले आणि मामाकडं नांदेडला कॉलेजला गेले. शिक्षण संपलं आणि आधी लोह्याच्या शाळेत नोकरी लागली. नांदेडचंच स्थळ आलं. बघून गेले, मुलगी पसंत आहे म्हणून कळवलं. आप्पांनी मला दुकानात बोलावून विचारलं, तुला पसंत हाय का? मी आमच्याकडच्या मुली म्हणतात तेच म्हणाले, “तुमी म्हणाल तसं.”

ते एकदम चिडले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“आसं म्हनू नको. मला लई लोकांनी हेच म्हनलंय. तुझं तू सांग.”

मी सांगायला एक दिवस घेतला. हो म्हणाले. ते चुकलं नाही.

नवा जिल्हा झाला तेव्हा मी लग्न होऊन नांदेडच्या शाळेत आले होते. गावाकडून येणारा प्रत्येक जण लातूर, लातूर करत होता. आता कलेक्टर जवळ, कोर्ट जवळ, आता आपलं गावही सुधारणार. तोवर सरपंचपद नको म्हणणारी माणसं आता त्यासाठी नवे कपडे शिवायला लागली. जीपगाड्या फिरायला लागल्या. गुडघे दुखत होते त्या मेंबरचा मुलगा पाटलांच्या पॅनलचा म्होरक्या झाला. आमच्या गावात पहिल्यांदा पंचायतीची खरी निवडणूक लागणार होती, चिन्हं, पेट्या, शाई सगळं घेऊन.

आप्पांना सगळ्यांनी सांगितलं, आता बसा. वय झालं. मीसुद्धा सांगितलं. ते ऐकायला तयार नव्हते.

“मला कुनी कधी मत दिलंच न्हाई,” ते म्हणाले. “एवढी वर्सं झाली. एकदा बगू तर दे, किती लोकांला मी पायजे हाय.”

“आणि नाही निघाले तर?”

“मग तसं कळंल. आतापातूर तेबी कळलं न्हाई.”

पॅनल नाही, पैसा नाही, त्यांनी एकट्यानं अर्ज भरला. सरपंच व्हायचं तर आधी वॉर्डातून मेंबर म्हणून निवडून यावं लागे, आणि आमची गल्ली व वस्ती एकाच वॉर्डात होती. वस्तीची मतं आपली आहेत असं ते धरून चालले होते. मग एका दुपारी त्या उंच बाईचा मुलगा आमच्याकडं आला. लातूरला कॉलेज शिकून परत आलेला. आप्पांनी त्याला ओसरीवर बसवलं, तो कडेला बसला. सुट्टीला आले होते म्हणून मी तिथंच होते.

“आप्पा,” तो म्हणाला, “मी तुमच्यासमोर उभा राहतोय. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो.”

“तुमची राखीव जागा हाय की.”

“तिथं पाटलांचा माणूस असतो. म्हणतील तिथं सही करतो. मला मोकळ्या जागेवर लोकांनी मत देऊन आणलेलं पाहिजे.”

 आप्पा म्हणाले, “मी तुमाला पानी दिलं आसं तुज्या लोकांला वाटतं. ते खरं न्हाई. ट्रक वळत नव्हता.”

मुलगा हसला. “माहीत आहे. माझी माय तिथंच होती. तिनंच सांगितलं मला. त्याचा राग नाही आणि उपकारही नाहीत. पण आता आमचं आम्हाला निवडू द्या.”

तो गेल्यावर आप्पांनी मला विचारलं, तो शेवटी जे म्हणाला त्याला इंग्रजीत काय म्हणायचं. मी म्हणाले, चूज. ते म्हणाले, “चांगला शब्द हाय.” त्यांनी अर्ज मागं घेतला नाही.

मतदानाच्या दिवशी मी बसनं गावी आले. माझं नाव तिथल्या यादीतून गेलं होतं, मी नुसती बघायला आले होते. शाळेसमोर रांगा लागल्या होत्या. बायकांची रांग पुरुषांपेक्षा लांब होती. माय नवं लुगडं नेसून उभी होती, तिच्या पुढं ती उंच बाई. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकीमागोमाग एक आत गेल्या. आप्पांनी मत दिलं आणि ते दुकानात जाऊन बसले. कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मोजणी निलंग्याला होती. आप्पा बसनं गेले. ते परत येण्याआधीच निकाल गावात पोचला, वस्तीतून हलगीचा आवाज आला, गुलाल उडाला. वस्तीतला मुलगा निवडून आला होता. पाटलांच्या पॅनलचा माणूस त्याच्या खालोखाल. आप्पा तिसरे आणि शेवटचे. गल्लीनं त्यांना दिलं नव्हतं, वस्तीनं दिलं नव्हतं. ज्यांना त्यांनी खडी फोडायला घेतलं होतं त्यांनी दिलं नव्हतं आणि मागं राहिलेल्यांनीही.

संध्याकाळी ते आले, ओसरीवर टेकले. मी चहा दिला. तो निवून गेला तरी त्यांनी घेतला नाही. माय आतून आली आणि खाली बसली.

“एक सांगू का?” ती म्हणाली.

“सांग.”

“मी तुमाला मत दिलं न्हाई.”

आप्पांनी मान वर केली.

“तिच्या लेकाला दिलं,” माय म्हणाली. “तिनं मला रांगत जागा धरून ठिवली. लई वर्सं. ह्या गावात मला दुसऱ्या कुनी कशाला जागा धरली न्हाई. आन् तुमी घरी पायजे होता. मला आता दारात आलेल्या मान्सांला पानी द्यायचं न्हाई. मी थकले.”

मी घाबरून आप्पांकडं बघितलं.  त्यांनी चहाचा कप उचलला आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

“मला कुनी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले, “की तू थकलीस.”

“मी सांगितलं होतं.”

“हाव,” ते म्हणाले. “सांगितलं होतंस.”

ते रडले वगैरे नाहीत. उठून त्यांनी दुकान उघडलं, कारण गुलालाला गिऱ्हाईक होतं. वस्तीतली पोरं आली, उरलेली पुडी घेऊन गेली. त्यातल्या एकानं वाकून आप्पांच्या पायाला हात लावला आणि बोटाचा गुलाल त्यांच्या धोतराला लागला.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परतले. महिन्याभरानं आप्पांचं कार्ड आलं, आम्ही दोघं येतोय. लग्न झाल्यापासून मी त्यांना बोलावत होते, पण सरपंचाला गाव सोडता येत नाही म्हणून ते कधी आले नव्हते. स्टँडवर उतरले तेव्हा मायच्या हातात हरभऱ्याच्या पिठाची एक पिशवी आणि आप्पांच्या हातात काहीच नव्हतं. ते इतके रिकामे चालत होते की मला ओळखू आले नाहीत.

पहिले काही दिवस दोघं नुसते झोपले. सकाळी चहा पिऊन पुन्हा आडवे व्हायचे, दुपारी जेवून पुन्हा. मी शाळेतून यायचे तेव्हा घरात पडदे ओढलेले असायचे आणि दोन खोल्यांतून दोघांचे श्वास ऐकू यायचे. शेजारीण विचारायची, बरं नाही का त्यांना? मी म्हणायचे, बरं आहे.

एका संध्याकाळी मी त्यांना गोदावरीच्या घाटावर नेलं. पाणी भरपूर होतं. मायनं पाण्यात पाय सोडले आणि ती डोळे मिटून बसली. आप्पा तिच्या शेजारी बसले. एक फुगेवाला आला, चणेवाला आला, नावाडी आला, आप्पा सगळ्यांना नको म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द इतक्या सहज येताना मी पूर्वी ऐकला नव्हता. अंधार पडायला लागला तसं मी विचारलं, “निघायचं का घरी, का बसायचं अजून?”

आप्पांनी मायला विचारलं, “तू सांग.”

माय म्हणाली, “बसू.”

आम्ही बसलो.